आमची वाटचाल : टाके २१ की २२?

आमच्या मफलरच्या संचात मोजून चार वस्तू: जाड लोकरीचे १०० ग्रॅमचे दोन गुंडे, ८ मिमीच्या सुयांची जोडी, टोकं ओवून लपवायला एक मोठी बोथट सुई आणि कृतीचा कागद. दुकान जवळजवळ बुडालं ते त्या कागदापायी.

पहिल्या छपाईत सुरुवातीला सुईवर घालायच्या २१ टाक्यांऐवजी २२ पडलं. वीण साधी, एक सुलट (समोरून इंग्रजी V सारखा दिसणारा टाका), एक उलट (समोर आडवा उंचवटा). पुढच्या ओळीत उलट दिसणाऱ्या टाक्यावर सुलट आला तरच दाणा, म्हणजे विणीचा खडबडीत पोत, उठतो. टाके विषम असले की प्रत्येक ओळ सुलटाने सुरू, सुलटानेच संपली, डोक्याला ताप नाही. २२ वर तीच ओळ विणत गेलं की सुलटावर सुलट बसतो आणि स्वेटरच्या काठासारखी ताणली जाणारी पट्टी होते. १९ सेंमी रुंदीचा मफलर आकसून हातभर लांब रिबिन दिसायला लागतो. निम्मे संच परत आले, पैसे दिले. लुधियानाहून आलेला माल तसाच पडून.

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतल्या दुकानाने आमचा कागद झेरॉक्स करून स्वतःचा संच काढला. २२ सकट. किंमत आमच्याहून कमी आणि तक्रारी मात्र आमच्याकडे, कारण तळाशी फोन नंबर आमचाच राहिला होता!

चूक पकडली ती आमच्या जुन्या गिऱ्हाईक बाईंनी. आरडाओरडा नाही, काउंटरवर वीतभर तुकडा ठेवला आणि म्हणाल्या, "एक टाका काढा." आजही लोकरीचा नवा लॉट आला की त्या १० सेंमीचा चौकोन विणतात, धुतात, आडवा वाळवतात आणि मगच टाके मोजतात. ११ भरले तर माल विक्रीला.

सुयांचं दुखणं वेगळंच. कुणाच्या अमेरिकेतल्या लेकीने पाठवलेल्या नमुन्यात ११ नंबर असतो, तो ८ मिमी. आपल्या जुन्या मापात ११ म्हणजे जेमतेम ३ मिमी, ८ मिमीला शून्य नंबर. म्हणून आम्ही नंबर विचारतच नाही, मिमी विचारतो. सुई फार टोकदारही नको, जाड लोकरीचे पदर फाकतात.

आता विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. टाके घालण्याआधी ७५ सेंमी टोक सोडा, नाहीतर सतराव्या टाक्याला दोरा संपतो. उलट टाक्यापूर्वी दोरा दोन सुयांच्या मधून पुढे आणायचा, सुलटापूर्वी तसाच मागे. सुईवरून वळसा पडला की फुकटचा टाका वाढतो, खाली भोक. दर पाच ओळींनी मोजाच. नवा गुंडा कडेलाच जोडा, मध्ये गाठ नको, आणि दोन्ही गुंड्यांचा लॉट नंबर एकच बघून घ्या; ट्यूबलाइटखाली सारखा वाटणारा रंग उन्हात फसवतो. साधारण १५० सेंमी झालं की त्याच विणीत, सैल हाताने टाके बंद करा. हात घट्टच असेल तर तेवढ्यापुरती ९ मिमीची सुई घ्या. अ‍ॅक्रिलिकच्या, म्हणजे कृत्रिम लोकरीवर इस्त्री फिरवू नका, दाणा कायमचा बसतो.

परवा बाईंनी त्या दुकानाचा नवा कागद आणून दाखवला. रंगीत छपाई, फोन नंबर त्यांचा. टाके अजून २२.