तळं एक, मासे तीन, आणि माझा अडकलेला व्हिसा

तुम्ही भारतीय पासपोर्टवर उत्तर आयर्लंडमध्ये शिकायला येणार असाल आणि तुमचं फील्डवर्क सीमेच्या आसपास असेल, तर पहिल्याच आठवड्यात आयर्लंडच्या व्हिसाच्या तयारीला लागा. उत्तर आयर्लंड यूकेत येतं, सीमेपलीकडचं आयर्लंड वेगळा देश आहे, म्हणून यूकेचा स्टुडंट व्हिसा पलीकडे चालत नाही. मी हे काम सगळ्यात शेवटी हातात घेतलं आणि माझा एक अख्खा हंगाम गेला. त्याला बरेच दिवस झाले, पण आठवलं की अजून जीव जळतो. म्हणून हे लिहितेय.

माझी पीएचडी लॉख मेल्विनमधल्या ट्राउट माशांवर आहे. लॉख म्हणजे तळं. साधारण २१ चौरस किलोमीटरचं हे तळं उत्तर आयर्लंडचा फर्माना परगणा आणि आयर्लंड प्रजासत्ताकाचा लीट्रिम परगणा यांच्या मधोमध आहे, सीमा पाण्यातूनच जाते. या एका तळ्यात तीन प्रकारचे ट्राउट राहतात. एक गिलरू. आयरिश भाषेत 'गिओला रुआ', म्हणजे तांबडा गडी. पिवळाधमक, अंगावर लालभडक ठिपके, काठाजवळच्या उथळ पाण्यात गोगलगायी खाणारा. उन्हाळ्यात गॅरिसनच्या, म्हणजे आमच्या बाजूच्या गावाच्या, काठावर एका गळवाल्या आजोबांनी मला एक हातात दिला आणि पोटावरून बोट फिरवायला सांगितलं. आत शंखांची कचकच स्पष्ट लागली. ते पचवायला त्याच्या जठराची भिंत चांगली जाड झालेली असते. दुसरा सोनाघन. नावात सोनं असलं तरी हा काळपट, काळ्या परांचा, खोल मोकळ्या पाण्यात राहून पाण्यातले बारीक जीव टिपणारा. तिसरा फेरॉक्स, मोठा, दुसरे मासे खाऊन वाढणारा.

कोल्हापूरच्या बाजारात रोहू, कटला आणि मृगळ कुणीही वेगळे ओळखतं, कारण ते वेगळेच मासे आहेत. इथे मात्र तिन्ही बहुतेक कागदोपत्री एकच, ब्राउन ट्राउट. १८६६ मध्ये गुंटर या मत्स्यशास्त्रज्ञांनी गिलरू आणि सोनाघनला स्वतंत्र जातींची नावं दिली होती, पण पुढे सगळे एकातच घातले गेले. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या अँड्र्यू फर्ग्युसन यांनी प्रथिनांच्या तपासणीवरून दाखवून दिलं की हे तिघे आपापसांत संकर करत नाहीत. त्यांचा १९८१ चा निबंध माझ्या टेबलावर कायम असतो. एकाच पाण्यात राहून तिघांनी आपलं रक्त वेगळं राखलंय. मला हे कितीही वेळा वाचलं तरी नवल वाटतं.

आईला फोनवर व्हिसाचं रडगाणं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, तळं एकच ना? मग तुझ्या बाजूच्या काठावरचेच मासे घे की." तिचं काही चुकलं नव्हतं, मीही सुरुवातीला असंच समजत होते. पण तळ्यात ते मिसळलेले असतात. वेगळे होतात ते अंडी घालायला, कारण प्रत्येक जण आपण जन्मलो त्याच पाण्यात परततो. सोनाघन तळ्यात येऊन मिळणाऱ्या लहान नद्यांत चढतो, गिलरू मुख्यतः तळ्यातून बाहेर जाणाऱ्या ड्राउज नदीत उतरतो आणि फेरॉक्स ग्लेनॅनिफ नदीच्या खालच्या खोल भागात जातो. तिथे, त्या काही आठवड्यांत पकडलेला मासा कोणत्या घरचा हे खात्रीने सांगता येतं. बाकीच्या साऱ्या माशांची तुलना मग त्यांच्याशी करायची. हा पाया कच्चा राहिला तर पुढच्या डीएनएच्या आकड्यांना काही अर्थ नाही.

आता बघा. सोनाघनची एक नदी, रूगा, गॅरिसनजवळ आमच्या बाजूला. ड्राउज पलीकडे. ग्लेनॅनिफही पलीकडे. म्हणजे तीनपैकी दोन मासे व्हिसाच्या पल्याड.

मासे पकडायचे दोन्ही देशांचे परवाने वेळेत आले. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

व्हिसाचा ऑनलाईन अर्ज मी २०२२ च्या सप्टेंबरच्या शेवटी भरला. माझ्या कामाला नेमका बसेल असा हेतू मला त्यात सापडला नाही. मी परिषदेला चालले नव्हते, नोकरीला नव्हते, पलीकडच्या कुठल्या कॉलेजात शिकायलाही नव्हते. मला नदीत उभं राहायचं होतं. म्हणून भेटीसाठी असं लिहिलं आणि सोबत विद्यापीठाचं पत्र जोडायचं ठरवलं. माझं घोडं इथेच पेंड खायला लागलं.

पत्र देणाऱ्या कार्यालयाने तीन आठवडे घेतले. मी दर दोन दिवसांनी खेटे घालत होते. प्रत्येक वेळी तेच उत्तर, "रांगेत आहे." शेवटी पत्र आलं, तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता. त्यात काय होतं? ही आमची विद्यार्थिनी आहे, ती 'शैक्षणिक भेटी'ला जाणार आहे, तिला सहकार्य करावं. बस. नदीचं नाव नाही, तारखा नाहीत, मी रोज संध्याकाळी कुठे परतणार ते नाही. मी दुरुस्ती मागितली. ठरलेला मसुदा बदलता येत नाही, असं सांगण्यात आलं. मी घाबरले, आणखी आठवडा जाईल म्हणून तेच पत्र जोडून पासपोर्टसकट सगळं पाठवून दिलं. ही माझी सगळ्यात मोठी चूक. अर्धवट पत्र पाठवण्यापेक्षा चार दिवस भांडलेलं परवडलं असतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर विचारणा आली: आयर्लंडमध्ये तुमचे यजमान कोण? त्यांचं पत्र जोडा. मी तो मेल वाचून खुर्चीतच बसून राहिले. नदीला यजमान कुठून आणू? शेवटी सरांनी, म्हणजे माझ्या गाईडनी, पलीकडच्या परवाना देणाऱ्यांशी बोलून एक साधं पत्र मिळवलं, की ही मुलगी या तारखांना या दोन नद्यांवर काम करणार आहे आणि आम्हाला ते माहीत आहे. तेवढ्या एका कागदाने सगळं सुटलं. तो पहिल्या दिवशी जोडला असता तर! हे कुणी मला सांगितलं नव्हतं, म्हणून मी तुम्हाला सांगतेय. परवाना ज्यांनी दिला त्यांच्याकडूनच पत्र घ्या, आणि त्यात नद्यांची नावं येऊ द्या.

या सगळ्या काळात पासपोर्ट माझ्याजवळ नव्हता. धाकट्या भावाचा साखरपुडा मी मोबाईलच्या पडद्यावर पाहिला.

आणि तिकडे मासे थांबत नाहीत. पाऊस पडून नदीला लोंढा आला की एका रात्रीत ते वर चढतात. रूगावर मी रोज पाण्यात उतरत होते, सोनाघनचे नमुने भराभर जमत होते. लॅबमधले दोघं माझ्यासाठी पलीकडे जाऊन आले, पण त्यांचीही कामं होती. त्यांना दोन दिवस मिळाले आणि नेमकं त्या दोन दिवसांत पाणी कमी होतं. मी गॅरिसनच्या धक्क्यावर थर्मास घेऊन त्यांची वाट बघत बसले. संध्याकाळी डबा उघडला तर फेरॉक्सच्या नमुन्यांच्या चार नळ्या. चार! मला रडू आलं.

कुणीतरी म्हणेल, जायचं की सरळ, तिथे विचारतो कोण? खरं आहे. रस्त्यावर नाका नाही की फाटक नाही. कडेची पांढरी रेघ पिवळी होते, वेगाच्या पाट्या मैलांवरून किलोमीटरवर येतात आणि फोन आयर्लंडचं नेटवर्क पकडतो, एवढीच काय ती सीमा. पण तपासणी कधीच होत नाही असं नाही, आणि पकडले गेलात तर यूकेच्या पुढच्या व्हिसावरही डाग लागू शकतो. मी एकदाही गेले नाही आणि तुम्हीही जाऊ नका. बेलफास्टहून गॅरिसनला जाताना गुगल मॅप्सने दाखवलेला रस्ता आधी नीट बघा. त्या भागात जवळची वाट नकळत पलीकडून नेऊ शकते. एनिसकिलनवरून आपल्याच बाजूने जाता येतं.

व्हिसा डिसेंबरच्या शेवटी आला, तोही सिंगल एंट्री. मासे अंडी घालून केव्हाच तळ्यात परतले होते. सगळे म्हणाले, आता काय उपयोग. मी मात्र गेले. तीन दिवस पलीकडच्या किनलॉख गावातच राहिले, कारण एकदा इकडे परत आलं की सिंगल एंट्री संपली. रिकाम्या ग्लेनॅनिफच्या तळाची खडी मोजली, खोली मोजली, पुढच्या वर्षी उभं राहायच्या जागा ठरवल्या. नियम पाळून जाऊन आल्याची ही नोंद पुढच्या अर्जात जोडता आली. तेव्हा मिळालेला व्हिसा वाया घालवू नका, हंगाम गेला असला तरी.

दुसऱ्या वर्षी अर्ज जुलैमध्ये केला, मल्टिपल एंट्रीचा. फी ६० ऐवजी १०० युरो, पण ते ४० युरो वाचवायच्या भानगडीत पडू नका. या वेळी विद्यापीठाच्या पत्राचा मसुदा मीच लिहून नेला आणि तो तसाच छापून मिळेपर्यंत त्या टेबलासमोरून हलले नाही. सोबत नकाशा जोडला, त्यावर सीमा लाल पेनाने आणि तिन्ही नद्या निळ्या पेनाने. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, विमा, परवाने, ते यजमानाचं पत्र, सगळं एकदम. एकही विचारणा आली नाही. सप्टेंबरमध्ये पासपोर्ट हातात होता. दुकानातून पेढे मिळेनात, तर मीच दूध पावडरचे केले आणि लॅबमध्ये वाटले.

नोव्हेंबरात लोंढ्यानंतरच्या सकाळी मी ग्लेनॅनिफमध्ये कमरेपर्यंत पाण्यात उभी होते. जाळ्यात पहिली फेरॉक्सची मादी आली तेव्हा मला ती दोन्ही हातांनी धरावी लागली. भूल देण्याच्या टबातल्या पाण्याला लवंगेच्या तेलाचा वास होता, आजी दाढेला लावायची तसा. शेपटीजवळच्या छोट्या मांसल पराचा नखाएवढा तुकडा कापला, नळीत टाकला, आणि मासा शुद्धीवर आल्यावर प्रवाहाकडे तोंड करून हातात धरून ठेवला. कल्ले उघडझाप करायला लागले आणि एका झटक्यात ती निघून गेली.

एक राहिलंच. नळीवरचं नाव पेनाने लिहू नका, इथेनॉल सांडलं की शाई पुसते. कागदाच्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलने लिहून ती नळीच्या आत टाका. पहिल्या वर्षीच्या त्या चार फेरॉक्सपैकी एकीचं नाव असंच गेलं, ती मला मोजताच आली नाही.

डीएनएचे निकाल आले तेव्हा तीन गट एकमेकांपासून स्वच्छ वेगळे पडले. हे तळ्यातच फुटलेले तीन फाटे आहेत, की हिमयुगाचं बर्फ वितळल्यावर निरनिराळ्या वंशांचे ट्राउट इथे येऊन राहिले, यावर लोकांनी बराच खल केलाय. फेरॉक्सचा वंश निराळा असावा या मताला माझे आकडे दुजोरा देतात. बाहेरून हॅचरीतले ट्राउट आणून या तळ्यात सोडायची कल्पना कुणी काढली तर मी ती सगळी ताकद लावून अडवीन. खतांचं पाणी झिरपून तळं गढूळ होतं त्याचीही मला तितकीच धास्ती वाटते, कारण अंड्यांना स्वच्छ खडी लागते.

यंदा माझ्या हाताखाली नागपूरचा एक मुलगा आलाय. त्याचा अर्ज परवाच पाठवला, नकाशासकट.