काम सेटरचं, दाखल्यावर ‘हेल्पर’

पुढे सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचा) प्रोग्रामर किंवा प्रोसेस इंजिनिअर व्हायचं असेल, तर व्हीएमसीवरची (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीनवरची) पहिली नोकरी पगार बघून धरू नका. भोसरी-चाकण पट्ट्यात काही शॉपमध्ये एकच जॉब (मशीनवर कापायचा भाग) महिनोन्‌महिने चालतो: जॉब लावा, सायकल स्टार्ट दाबा, गेज लावा. ऑफसेटला (मशीनला दिलेल्या टूल आणि जॉबच्या मापांना) हात लावू देत नाहीत. छोट्या बॅचचं शॉप धरा, तिथे सेटिंग (नव्या जॉबसाठी मशीन जुळवणं, म्हणजेच सेटरचं काम) सारखी बदलते. मुलाखतीत विचारा, “नवा जॉब आला की जी ५४ चा झिरो कोण घेतं?” म्हणजे जॉबवरचा शून्य बिंदू मशीनला कोण दाखवतं. ऑपरेटरला जवळही उभं करत नसतील, तर दुसरं शॉप बघा.

वाइसला (जॉब पकडणाऱ्या शिकंजाला) डायल लावून तो सरळ करणं, टूलची लांबी घेणं हे हाताखाली राहून येतं. मला वैताग आणला तो अनुभवाच्या दाखल्याने. भरती ठेकेदाराच्या नावावर, म्हणून पद ‘हेल्पर’. कंपनी म्हणते ठेकेदाराकडे जा. ठेकेदार म्हणतो, रजिस्टरला आहे तेच लिहिणार. सोडून जाताना भांडून काही बदलत नाही. रुजू होतानाच नेमणूकपत्रावर कोणाचं नाव आणि कोणतं पद, ते वाचून घ्या. पद बदलत नसेल, तर कोणती मशीन, कोणता कंट्रोल (मशीन चालवणारा संगणक, फानुक की सीमेन्स), सेटिंग स्वतः करता का, एवढं सुपरवायझरकडून कंपनीच्या ईमेलवर लिहून घ्या, तेही नोकरीत असतानाच. पुरावा म्हणून ड्रॉइंगचे फोटो काढू नका. ती गिऱ्हाइकाची असतात.

ठेकेदार पीएफला नोकरी सोडल्याची तारीखही टाकत नाही आणि ट्रान्सफर अडकतं. त्याच्या मागे फिरू नका. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने झाले की यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) पोर्टलवर ‘मॅनेज’मध्ये ‘मार्क एक्झिट’ आहे. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची, त्याच महिन्यातली टाकायची. मला हे फार उशिरा कळलं, राग त्याचाच आहे.

आणि हो, नव्या ठिकाणी ‘हेल्पर’वर बोट ठेवलं, तर वाद न घालता मशीनवर ट्रायल मागा. प्रोग्राममध्ये टी म्हणजे टूलचा नंबर, एच म्हणजे त्याच्या लांबीच्या नोंदीचा. टी ५ ला चुकून एच ४ राहिला आणि चौथा टूल आखूड असेल, तर टूल थेट जॉबमध्ये घुसतो. म्हणून आधी टी आणि एच नंबर जुळवा, मग सिंगल ब्लॉक (प्रोग्राम एकेक ओळीने) चालू, रॅपिड (मोकळी जलद हालचाल) २५ टक्क्यांवर, बोट फीड होल्डवर (हालचाल थांबवायच्या बटणावर). ट्रायल घेणारा माणूस आधी तेच बघतो.