उत्तरायणापासून विझलेली ज्योत

मी बडोद्यात गॅस गळती शोधायचं काम करतो, म्हणजे खांद्यावर इन्फ्रारेड कॅमेरा टाकून कारखान्याकारखान्यातून वॉल्व्ह न् फ्लँज (पाइपांचे जोड) बघत हिंडायचं. मागच्या फेब्रुवारीत शहराबाहेरच्या एका जीआयडीसीत, म्हणजे गुजरातच्या एमआयडीसीत, गेलो होतो, युनिट छोटंच, सांडपाण्याच्या टाकीतून बायोगॅस निघतो आणि तो फ्लेअरला, म्हणजे चिमणीच्या तोंडाशी पेटत्या ज्योतीत, जाळतात. दुपारपर्यंत वॉल्व्हच्या दांड्याचे दोन ग्लँड (सील) गळताना सापडले, किरकोळ. रजिस्टरमध्ये रोज 'फ्लेअर ओके', मीटरवर फ्लोही बरोबर, आता रिपोर्ट लिहायचा आणि घरी.

चहाच्या टपरीवर शेजारच्या कारखान्यातले बॉयलरवाले काका भेटले, आपलेच मराठी. म्हणाले, "अरे भाऊ, यांची ती ज्योत बंद केली का रे? उत्तरायणाला आम्ही गच्चीवरून तुक्कल, ते कागदी दिवे, उडवले ना, त्या रात्रीपासून दिसली नाही."

मी परत पळालो. उन्हात बायोगॅसची ज्योत तशीही दिसत नाही, म्हणून दिवसपाळीला कुणाला शंका नाही. कॅमेरा रोखला तर चिमणीच्या तोंडातून काळा लोट, म्हणजे न जळलेला गॅस, सरळ वर चाललाय. पायलट (ज्योत पेटती ठेवणारी छोटी ज्योत) विझलेला, तिचं तापमान बघणाऱ्या थर्मोकपलचा अलार्म "सारखा वाजतो" म्हणून बायपास केलेला, आणि वासाचं म्हणाल तर मिथेनला वासच नसतो, त्यातल्या सडक्या अंड्याच्या वासाला ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करतात तिथे) कोण विचारतं! मीटर फक्त गॅस गेला एवढंच सांगतो, जळला का ते सांगत नाही. म्हणजे जवळपास महिनाभर मिथेन तसाच हवेत, आणि २० वर्षांच्या हिशेबात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट हवा तापवतो.

मॅनेजर म्हणाले, परवानगीत फ्लेअर आहे, फ्लेअर उभी आहे. केंद्राने २०२३ला कार्बन क्रेडिटची (हवेत कमी कार्बन सोडला की विकता येणारं प्रमाणपत्र) योजना काढली, पण तिचा रोख सिमेंट-अ‍ॅल्युमिनियमसारख्या मोठ्यांवर, यांना कोण विचारणार. माझं म्हणणं, पायलटच्या तापमानाचा रेकॉर्ड सक्तीचा करा, अर्धं काम होईल.

पायलट त्याच संध्याकाळी पेटवला. खरी गंमत अशी की काकांच्या बॉयलरला पीएनजी (पाइपने येणारा गॅस) विकत घेतात आणि भिंतीपलीकडे फुकटचा गॅस जळतोय. पाइप टाका म्हटलं, तर दोन्ही शेठ गटारीच्या भांडणापासून बोलत नाहीत. शेवटी काका आणि यांचा फोरमन, दोघांनी मिळून भिंतीला धरून टेपने मोजलं, ४२ मीटर भरलं. आता स्क्रबर (गॅस स्वच्छ करणारं यंत्र) आणि मीटरचा खर्च कोणी करायचा यावर अडलंय.