सही आहे, तपासणी नाही

मुलाचं गाव आणि घरचे काही तपशील मी बदलले आहेत. अहवालाबद्दल लिहिलंय ते मात्र जसंच्या तसं.

मी धुळ्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी लागणाऱ्या बुद्धिमापन चाचण्या हे माझं रोजचं काम. साक्री तालुक्यातल्या एका गुरुजींनी साधारण दहा वर्षांचा मुलगा चिठ्ठी देऊन पाठवला: ‘वर्गात लक्ष नसतं, पण हिशेब पटकन करतो. खात्री करून द्यावी.’ आईवडिलांकडे आधीचा एक अहवाल होता. बुद्ध्यांक ४६. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. या आकड्यावर ते सहज मिळतं. संजय गांधी निराधार योजनेच्या अनुदानासाठी वडिलांची धावपळ सुरूही झाली होती.

अहवाल इंग्रजीत, दोन पानी, सुबक. त्यात मुलाला ठिकठिकाणी ‘ती’ म्हटलेलं. चाचणी कोणत्या भाषेत घेतली, त्याचा उल्लेखच नाही. खाली सही, शिक्का आणि आमच्या व्यवसायाची नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक. क्रमांक खरा होता, मी परिषदेच्या नोंदवहीत पडताळला.

वडिलांना विचारलं, तपासणी कशी झाली? गावातल्या शिबिरात एका मुलीने पोराचं नाव विचारलं, दोन-चार प्रश्न केले, फोटो काढला. पुढच्या आठवड्यात अहवाल आला. सही करणारे साहेब त्यांनी आजवर पाहिलेलेच नाहीत.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण बाहेरच्यांना हे काम प्रश्नोत्तरांचं वाटतं. सामाजिक परिपक्वतेची जी मापनश्रेणी आपल्याकडे वापरतात, ती नागपूरच्या डॉ. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतली. तिच्यात ८९ बाबी आहेत, आणि त्या मुलाला नाही, त्याला रोज पाहणाऱ्या माणसाला विचारायच्या असतात. या आईला कुणी एक प्रश्नही विचारला नव्हता, तरी अहवालात सामाजिक गुणांक छापलेला. मी विचारायला बसले तेव्हा तिनं सांगितलं, पोरगा एकटा पिठाच्या गिरणीवर जातो, दुकानातून सुटे पैसे मोजून आणतो, शेळ्या घेऊन जातो नि सगळ्या परत आणतो. मग म्हणाली, “मना पोऱ्या येडा नही शे, ताई.”

मुलाशी बोलताना एक गोष्ट खटकली. मी टिपणासाठी मान खाली घातली की तो गप्प, वर पाहून बोलले की उत्तर देई. प्रत्येक वेळी डावा कान पुढे करी. मी पाठीमागे जाऊन हळू आवाजात नाव घेतलं, तो हलला नाही. आई म्हणाली, उजवा कान लहानपणापासून वाहतो, डावाही अधूनमधून. बुद्धिमापनाआधी ऐकू येतंय का ते पाहायचं, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात.

म्हणून आधी सेग्विन फॉर्म बोर्ड काढला. दहा लाकडी आकार, दहा खाचा, तीन वेळा लावायचे, सर्वांत कमी वेळ धरायचा. भाषेची गरज जवळजवळ नाही. पठ्ठ्यानं तिसऱ्या वेळी हातातला आकार बसवायच्या आधीच नजरेनं पुढची खाच शोधून ठेवली होती. त्यानंतर बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी, समोरासमोर बसून, सूचना अहिराणीत. प्रश्न इथे लिहिणार नाही. चाचणीतला मजकूर बाहेर फोडायचा नसतो. एवढंच सांगते की बौद्धिक अक्षमता नव्हती. त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दोन्ही पडद्यांना छिद्रं निघाली, ऑडिओमेट्रीत ऐकणं बरंच कमी. यावर उपचार आहेत. एका खोट्या आकड्यामुळे त्या पोराकडे सगळ्यांनी मंद म्हणून पाहिलं आणि कान तसाच वाहत राहिला. याचा मला राग आला, अजून आहे.

सही करणाऱ्यांना मी आधी फोन केला. व्यवसायबंधूची चूक दिसली तर पहिल्यांदा त्याच्याशीच बोलावं, अशी आमच्यात रीत आहे. ते म्हणाले, “मॅडम, गरिबाला चार पैसे मिळतात. तुमचं काय जातं?” दोन वर्षांचं एम.फिल. आणि देखरेखीखाली केलेलं काम, यानंतर आमच्यासारख्यांना नोंदणी क्रमांक मिळाला. हा माणूस तो क्रमांक शिबिरांना भाड्याने देतो. प्रमाणपत्राच्या खिडकीवरही क्रमांक आणि शिक्काच पाहतात. चाचणीची मूळ गुणपत्रिका कुणी मागत नाही. ती मागितली असती तर हे अहवाल पहिल्याच टेबलावर अडकले असते.

१९९२च्या पुनर्वास परिषद कायद्यात नोंदणी नसताना व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदणी असलेल्यानं व्यावसायिक गैरवर्तन केलं तर परिषद नोंदवहीतून नाव काढू शकते. मग तक्रार करावी, एवढं सोपं आहे ना? पुरावा काय, तर या मुलाचा अहवाल. तो मुलाचा आहे, माझा नाही. व्यवसायाचे नियम मला गोपनीयता पाळायला बांधतात, आणि ते नसते तरी मी पाळलीच असती. याच सहीचा, शब्दन्‌शब्द असाच आणखी एका मुलीचा अहवाल मी पूर्वी पाहिला आहे. या मुलाच्या अहवालात ‘ती’ कुठून आली ते मला कळतंय, पण तोही कागद मला वापरता येत नाही.

वडिलांना सगळं समजावलं. माझा अहवाल त्यांना दिला; जुन्याला दुजोरा देणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं. ते बराच वेळ दोन्ही कागद बघत राहिले. “कागद ऱ्हाऊ द्या ना ताई. महिनाना पैसा येतीन.” दिवाळीनंतर ते ऊसतोडीला जातात, कोयत्याची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच घेतलेली. अनुदानाच्या आशेवर असलेल्या माणसाला मी लोभी म्हणणार नाही. आई काहीच बोलली नाही, पण माझा अहवाल तिनं घडी घालून पिशवीत ठेवला.

ऊसतोडीला निघण्यापूर्वी कानाच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळावी म्हणून डॉक्टरांच्या मागे लागले आहे. ती ठरवायला दोघं येतील तेव्हा संमतीपत्र अहिराणीत वाचून दाखवणार आहे: तक्रार केली तर काय होईल, जुना अहवाल गेला तर अनुदान मिळणार नाही, शाळेत काय बदलेल, सगळं. आईलाही वेगळं विचारणार आहे, पालक तीही आहे. दोघांनी नाही म्हटलं, तर परिषदेला या मुलाचा एकही कागद माझ्याकडून जाणार नाही.