एसएसबीच्या तयारीतला आजचा दिवस

एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, लेखी प्रवेश परीक्षेला ९०० गुण आणि एसएसबीच्या, म्हणजे सैन्यदलांसाठी अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, मुलाखतीलाही तितकेच, त्यामुळे आज गणित बाजूला ठेवून मी मानसशास्त्रीय चाचण्यांचा सराव केला. शब्दांच्या चाचणीत ६० शब्द एकामागून एक पडद्यावर येतात आणि प्रत्येकावर एक वाक्य लिहायला अवघे १५ सेकंद मिळतात. एवढ्या घाईत मनात जे असते तेच कागदावर उतरते, म्हणून क्लासमध्ये पाठ करून घेतलेली वाक्ये, माझ्या मते, निरुपयोगीच आहेत. संध्याकाळी बाबांनी मुलाखतीसाठी भरायचा स्वतःविषयीच्या माहितीचा अर्ज समोर ठेवून प्रश्न विचारले आणि छंदाच्या रकान्यातील गिर्यारोहण पाहून, सिंहगडाखेरीज कोणता गड चढलास, असे विचारले. (परीक्षक तरी इतके खवचट नसावेत!) शेवटी तिथे सायकल दुरुस्ती लिहायचे ठरले, कारण गिअर आणि ब्रेकविषयी मी तासभर बोलू शकतो.