आमची वाटचाल : उजनीकाठची केळी आणि समुद्रावरचे दिवस

केळीचा घड कधी कापायचा हे शेतात ठरत नाही, ते न्हावा शेवा बंदरावर ठरतं. आमच्या धंद्यातली सगळी गणितं या एका गोष्टीतून निघतात, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करतो.

आमची छोटी निर्यात फर्म आहे. पॅक हाऊस सोलापूर जिल्ह्यात, करमाळा तालुक्यातल्या कंदरच्या बाजूला, कागदपत्रांचं काम टेंभुर्णीतून. थोरले बंधू शेतं आणि कापणी बघतात, मी बुकिंग, कस्टम आणि खरेदीदार बघतो. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमेच्या फुगवट्याकाठी ऊस आला. पुढं टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) जी-९ जातीची रोपं आणि ठिबक आलं, तसं कंदर, शेटफळ, वाशिंबे, चिखलठाण या पट्ट्यात केळी वाढली. उसाच्या बिलाची वाट बघून थकलेल्या माणसाला केळीचा काटा जवळचा वाटला: समोर वजन, समोर हिशोब. आम्हीही आधी देशातल्या बाजारात ट्रक भरून माल पाठवत होतो. तिथं रंग आणि गोडी चालते. परदेशात साल चालते. सालीवर एक ओरखडा दिसला की दर मोडतो.

त्या सालीसाठी केवढं काम होतं ते लिहायला हवं. केळ निसवली, म्हणजे झाडातून घड बाहेर पडला, की फुलकिड्यांचा बंदोबस्त, मग जादा फण्या आणि केळफूल काढणं, घडाला स्कर्टिंग बॅग, म्हणजे झाकायची पिशवी. ज्या आठवड्यात घड निसवला त्या आठवड्याच्या रंगाची फीत बांधायची, म्हणजे कापणीवेळी वय विचारावं लागत नाही. कापताना घड जमिनीला टेकवायचा नाही, खांद्यावरच्या फोमवर घ्यायचा. पॅक हाऊसला फण्या सुटतात, तुरटीच्या पाण्यात चीक निघतो, मग वजन करून तेरा किलोच्या आसपासचा बॉक्स भरतो. बॉक्सवर चार हँड, पाच हँड, सहा हँड असं लिहिलेलं असतं, कारण खरेदीदार आत किती फण्या आहेत यावर दर देतो. बॉक्समधल्या पिशवीतली हवा मशीननं ओढून घेतली की प्री-कूलिंग, म्हणजे माल आधी गार करणं, आणि तिथून १३ अंशांच्या आसपास ठेवलेला चाळीस फुटी रीफर, म्हणजे थंड कंटेनर. त्यात साधारण १५४० बॉक्स, म्हणजे वीस टन माल बसतो. तापमान जास्त खाली गेलं तर साल काळपटते आणि फळ नीट पिवळं होत नाही. आतली एक फणी जरी पिकली, तरी तिचा गॅस शेजारच्या बॉक्सलाही पिकवायला लागतो. आमच्या पॅक हाऊसमधल्या बाया हे काम ज्या हातानं करतात, त्याचं मोल मी कुठल्याही मशीनपेक्षा जास्त धरतो.

आखातात आमचा माल बंदर सोडल्यावर आठवड्याच्या आत पोचतो. म्हणून तिथं जाणारा घड बऱ्यापैकी भरलेला कापता येतो. युरोपचं तसं नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात बारामतीहून केळीचा चाचणी कंटेनर समुद्रमार्गे रॉटरडॅमला रवाना झाला, तेव्हा आमच्या पट्ट्यात मोठी आशा होती. त्याच महिन्यात तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. मोठ्या कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली आणि युरोपचा प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला.

लोक विचारतात, तुमचा माल दुबईला, ओमानला जातो, तुम्हाला तांबड्या समुद्राचं काय? जहाज आणि कंटेनर वळशात जास्त दिवस अडकले, की तेच रिकामे होऊन आमच्याकडे उशिरा येतात. रीफर मिळेना, भाडं वाढलं, आणि मिळालेलं बुकिंग ऐनवेळी पुढच्या जहाजावर ढकललं जाऊ लागलं. शिवाय सौदीचं जेद्दा बंदर त्याच समुद्रावर आहे.

आता हा उशीर शेवटी कोणाच्या अंगावर येतो ते बघा. केळीचं फळ शेवटच्या दोन आठवड्यांत झपाट्यानं वजन धरतं. प्रवास लांबणार असं दिसलं की वाटेत पिकू नये म्हणून घड जरा कोवळा कापावा लागतो. कोवळा घड म्हणजे हलका घड. जहाज फिरतं आफ्रिकेला, आणि काट्यावरचे किलो कमी होतात शेटफळच्या शेतकऱ्याचे. उलट झालं, म्हणजे कापणीआधीच बुकिंग पुढं गेलं, तर घड झाडावर जास्त भरतो, निर्यातीच्या मापातून निघून जातो आणि स्थानिक दरात विकावा लागतो.

शेटफळच्या एका आण्णांनी बंधूंना सरळ विचारलं होतं, “दादा, जहाज तुमचं लांबलं, मग वजन माझं का तुटावं?” याला उत्तर नव्हतंच. तेव्हापासून आम्ही प्रत्येक प्लॉटमध्ये त्याच फितीचे काही घड राखून ठेवतो, पुढं पूर्ण भरल्यावर शेतकऱ्यासमोर तोलतो, आणि जो फरक निघेल त्याची निम्मी रक्कम आम्ही भरतो. आमच्यासारख्या फर्मला हे झेपतं का, असं धंद्यातले लोक विचारतात. कष्टानं झेपतं. पण पुढच्या लागवडीला आमच्याशी बोलूनच रोपं आणणारे शेतकरी आम्हाला यामुळेच मिळाले, आणि माझ्या मते छोट्या निर्यातदाराचं खरं भांडवल तेच.

पाण्याचंही सांगितलं पाहिजे. २०२३ चा पावसाळा कोरडा गेला आणि २०२४ च्या जूनमध्ये उजनी उणे साठ टक्क्यांपर्यंत, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खाली गेली. फुगवटा मागं सरकेल तसे शेतकरी पाइप आणि केबल पुढं ओढत होते. काही जणांनी उभी बाग वाचवायला खोडवा, म्हणजे जुन्या बुंध्यावरचं पुढचं पीक, सोडून दिला. ऑगस्टमध्ये धरण भरलं, पण केळीचं वेळापत्रक दहा-अकरा महिन्यांचं असतं. उन्हाळ्यात थांबलेल्या लागवडी नंतर सगळ्यांनी एकदम केल्या, आणि एकदम लावलेलं एकदमच कापणीला येतं.

२०२५ नं दोन्हीकडून तपासलं. जूनमध्ये इस्राएल आणि इराणचं युद्ध पेटलं. ते बारा दिवसांत थांबलं, तरी इराण हा भारतीय केळीचा मोठा गिऱ्हाईक असल्यानं तिथल्या बंदर अब्बास बंदराचं बुकिंग घ्यायला त्या काळात कोणी धजत नव्हतं. सप्टेंबरात सीना नदीला महापूर आला. भीमेकाठच्या आमच्या बागा वाचल्या, सीनेकाठी करमाळा, माढा, मोहोळ या तालुक्यांत उभी पिकं आडवी झाली, जमिनी खरवडून गेल्या. दिवाळीच्या सुमारास माल फार झाला आणि दर पडले. तोलताना समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघणं जड गेलं.

येत्या हंगामाचं चित्र मला बरं दिसतंय. उजनीत पाणी आहे. जून-जुलैच्या लागवडी पावसानं सुरुवातीला दबल्या होत्या, आता पानं रुंद आहेत. भीती थंडीची आहे: रात्री फार गार पडल्या तर निसवताना घड अडकतात आणि फळ भरायला महिनाभर जास्त लागू शकतो. २०२६ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या मध्यानंतर सुरू होतोय. आखातातली मागणी त्याआधीच चढते, म्हणजे माल जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात जहाजावर चढला पाहिजे. दर वर्षी रमजान दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, त्यामुळे आता तो थेट आमच्या थंडीवर येऊन पडलाय. जे घड त्या वेळी भरायला हवेत, तेच थंडीत मागं राहतात.

म्हणून यंदा आम्ही फिती आधी मोजल्या आणि मग बुकिंग केलं. एकाच जहाजावर सगळा माल न ठेवता दोन वेगळ्या कंपन्यांकडे जागा धरली आहे, भाडं थोडं जास्त गेलं तरी. कंदर आणि वाशिंब्याच्या प्लॉटची पहिली कापणी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आहे, आणि राखीव घडांचा काटा फेब्रुवारीत शेतकऱ्यांच्या समोरच होईल.