तुम्ही विचारलंत म्हणून: हॉप्सच्या बगलफुटी खुडायच्या का?

अंगणातली हॉप्सची वेल (बिअरला कडवटपणा देणारी बोंडं हिचीच) बघायला येणारे सगळे, आणि माझ्याकडून रोप नेलेले तर फोन करकरून, एकच विचारतात: "बाजूला फुटलंय, खुडू का?"

निपाणीत हे विचारणं साहजिक आहे. आपला हात तंबाखूवर बसलेला. शेंडा खुडला की पानापानाच्या बगलेतून फुटवे येतात, ते वेळेत काढले नाहीत तर पान भरत नाही. 1981 च्या तंबाखू आंदोलनात हमरस्त्यावर बसलेले आमचे आज्जा आजही फुटवा दिसला की हात आवरू शकत नाहीत. "पोर दूध पितंय गं आईचं, काढ त्याला."

मीही पहिल्या वर्षी काढलं. हॉप्सची शेती होते त्या हिमाचलातल्या लाहौलच्या खोऱ्यातून ओळखीतल्या एकाने मुळाचा बोटभर तुकडा आणून दिला होता. अर्ध्या कापलेल्या बॅरलमध्ये लावला. चार कोंब आले, त्यातले तीन उपटले आणि उरलेल्याच्या बगला रोज सकाळी साफ. पावसाळा लागला तरी वेल कंबरेच्या वर जाईना. नुसती काडी.

तंबाखूत पीक म्हणजे पान, आणि ते मुख्य खोडावर. हॉप्सचं पीक म्हणजे मादी वेलीची हिरवी, कागदी पापुद्र्यांची बोंडं, आणि ती धरतात मुख्यतः बाजूच्या फांद्यांवर. मी पीकच खुडत होते.

तेव्हा आधी बघा, 'बाजूचं' म्हणजे नेमकं कुठलं. मातीतून वर येतात ते कोंब वेगळे, पानाच्या बगलेतून निघतात त्या फांद्या वेगळ्या. पहिल्या वर्षी दोन्हींना हात लावू नका. झुडूप गबाळं दिसेल, दिसू दे. पानं जेवढी जास्त तेवढं खाली मूळ पोसतं. दुसऱ्या वर्षापासून मातीतले कोंब विरळ करायचे: एका दोरीला दोन-तीन जोमदार ठेवायचे, बाकीचे कापायचे. ते फेकू नका. आईने लसूण-मिरचीवर परतून शेंगदाण्याचं कूट घातलं, भाकरीबरोबर पहिल्यांदा तेच संपलं.

ठेवलेले कोंब दोरीवर चढवताना वरून बघितल्यावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच गुंडाळा. मी एकदा उलटे गुंडाळले, तर सकाळी सुटून जमिनीवर लोळत होते. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. खोडावर बारीक आकडे असतात, उसाच्या पाल्यासारखे ओरखडतात.

बगलेतल्या फांद्यांचं म्हणाल तर वेल डोक्याच्या चांगली वर गेली की जमिनीपासून दोनेक फुटांपर्यंतची पानं आणि फांद्या काढायच्या. एका दिवसात नाही, आठवड्याला थोड्या. पावसात मातीचे शिंतोडे खालच्या पानांवर बसतात, हवा खेळत नाही, आणि मग डाउनी, म्हणजे पानांवरचा बुरशीसारखा रोग. अथणीकडच्या द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको. उन्हाळ्यात लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीडही खालूनच वर चढते. त्या दोन फुटांच्या वर मात्र कात्री नेऊ नका.

एकच अपवाद. वानराने एकदा माझ्या वेलीचा शेंडाच मोडला. हॉप्सची पानं समोरासमोर जोडीने येतात, म्हणून प्रत्येक पेरावर दोन बगला. मोडल्या जागेखालच्या जोडीतली जोमदार फूट दोरीला लावली, तीच पुढे चालली.

आता तुम्ही विचारत नाही ते. एवढं करूनही वेल मंद असेल तर दोष कात्रीचा नसेल. हॉप्स उत्तरेकडच्या लांब दिवसांचं झाड, आणि आपल्याकडचा सगळ्यात मोठा दिवस तेरा तासांच्या आसपास. दिवस आखूड लागला की वेल उंच व्हायच्या आधीच वाढ आवरती घेते. मी उन्हाळ्यात संध्याकाळी बॅरलवर बल्ब लावते, उजेडाचे सोळा तास भरेपर्यंत. वीज गेली की गेली.

तिसऱ्या वर्षी बोंडं धरली, वाळवून दोन वाट्या. आज्जांनी एक तळहातावर घेतलं, अंगठ्याने तंबाखूसारखं मळलं. पिवळी, चिकट भुकटी निघाली. हुंगली, जिभेला लावली आणि थू करून म्हणाले, "ह्यासाठी बल्ब जाळतीस?" पण परवा खालच्या फांद्या काढताना मी दोन फुटांच्या वर हात नेला, तर काठीने माझं मनगट त्यांनीच अडवलं.